57 फूट पाणी आणि पन्नासावा गणपती

सांगलीत पावसाळ्यात माणसं भेटली की आधी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती फूट पाणी झालं ते विचारतात, खुशाली मागाहून. 40 फुटांवर इशारा, 45 वर धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट 2019 मध्ये हे पाणी 57 फुटांच्या वर गेलं. गणेश चतुर्थी 2 सप्टेंबरला होती, म्हणजे पाणी शिगेला पोचलं तेव्हापासून जेमतेम तीन-सव्वातीन आठवड्यांवर. आणि आमच्या मंडळाचं ते पन्नासावं वर्ष होतं.

मंडळ गावभागातलं, 1970 साली बसवलेलं. त्या वर्षी मी खजिनदार होतो. वही माझ्याकडेच असल्यानं काय ठरलं, कोणी ठरवलं आणि कुठं चुकलं हे मला तारीखवार सांगता येतं. आषाढ-श्रावणात कृष्णेला पूर आणि भाद्रपदात गणपती, हा क्रम काही बदलणारा नाही. आज आमच्यावर आलं ते उद्या दुसऱ्या कुठल्या मंडळावर येईल. म्हणून आमच्या चुकांसकट सगळं इथं मांडतो.

मिरवणूक म्हणजे इथं काय

बाहेरच्या माणसाला वाटेल, पूर आला तर मिरवणूक रद्द करावी, त्यात एवढा विचार कसला. पण सांगलीत मिरवणूक ही मंडळांनी काढलेली टूम नाही. सांगलीचे संस्थानिक पटवर्धन, त्यांचं आराध्यदैवत गणपती. त्यांच्यातल्या चिंतामणराव अप्पासाहेबांनी नदीकाठी देऊळ बांधलं, तेव्हापासून शहराचं वर्षच या देवाभोवती फिरतं. भाद्रपद प्रतिपदेला, म्हणजे चतुर्थीच्या आधीच, देवळात गाजावाजा न करता चोर गणपती बसतो. संस्थानचा गणपती पाचव्या दिवशी राजवाड्याच्या दरबार हॉलमधून निघून सरकारी घाटावर जातो आणि त्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतून माणूस लोटतं. तासगावला त्याच्याही आधी, चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, परशुरामभाऊ पटवर्धनांच्या घराण्याचा रथ निघतो. तो ना बैल ओढत ना ट्रॅक्टर. शेकडो माणसं दोर धरून हातांनी ओढतात. मिरजेला अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीसाठी रस्त्यावर मोठमोठ्या स्वागत कमानी उभ्या राहतात आणि शेवटचा गणपती तळ्यावर पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडलेला असतो.

आमचं मंडळ यांच्यापुढं अगदी लहान. नवव्या दिवशी विसर्जन. 2019 साली तो दिवस 10 सप्टेंबरला येत होता.

सुवर्णमहोत्सव म्हणून अक्षय्यतृतीयेपासून बैठका चालल्या होत्या. जुलैअखेर दोन लाख दहा हजार वर्गणी जमली होती. त्यातून चौघांना आगाऊ रक्कम दिली होती. मूर्तिकाराला पंचवीस हजार, बेंजोवाल्यांना पंधरा, लाइटवाल्याला एकतीस आणि बाहेरगावच्या एका साउंडवाल्याला डॉल्बीसाठी पंचाहत्तर हजार. एकूण एक लाख शेहेचाळीस. डॉल्बीला माझा पहिल्यापासून विरोध होता. गावभागात अजून मातीच्या भिंतींचे वाडे आहेत. बेस वाजला की माळवदातली माती खाली पडते. शिवाय 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे आणि डॉल्बी ती पहिल्याच ठोक्याला ओलांडते. पण पोरांचा उत्साह मोठा होता आणि मी एकटा पडलो होतो.

2005 ची खूण

मंडळाचं सामान एका वाड्याच्या तळमजल्यावरच्या खोलीत असायचं. पन्नास जोड लेझीम, दोन ढोल, हलग्या, पालखी, समया, आरतीची भांडी, पत्र्याच्या पेटीत जुने फोटो आणि पावतीपुस्तकं. त्या खोलीच्या भिंतीवर 2005 च्या पुराची खूण होती. कोणीतरी तेव्हा खिळ्यानं रेघ ओढून ठेवली होती, गुडघ्याच्या थोडी वर.

पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही नीट विचार करून, घाई न करता, सगळं सामान त्या रेघेच्या दोन हात वर फळ्या टाकून मांडलं. कुलूप लावलं. आपापल्या घरचं सामान आवरायला गेलो. कोणी हलगर्जी केली नव्हती. घराघरात हाच हिशेब झाला होता. गहू, गाद्या, कपाटं, दुकानातली कापडं, सगळं 2005 च्या वर. "एवढं तर येतच नाही," हे वाक्य त्या दोन दिवसांत मी किती जणांच्या तोंडून ऐकलं आणि स्वतःही बोललो. म्हाताऱ्या माणसाच्या शब्दावर जसा विश्वास ठेवतात तसा आम्ही त्या रेघेवर ठेवला.

पाणी दाराच्या चौकटीवर चढलं. खोली आठवडाभर बुडालेली राहिली.

मारुती चौक, टिळक चौक, हरभट रोड, गणपती पेठ, सगळीकडं बोटी फिरत होत्या. आमच्या गल्लीतली बरीच माणसं वरच्या मजल्यावर अडकली. आणि इथं मंडळाचा असा एक उपयोग झाला जो पन्नास वर्षांत कोणाच्या डोक्यात आला नव्हता. चालू वर्षाचं पावतीपुस्तक सुदैवानं माझ्या घरी, वरच्या मजल्यावर होतं. त्यात घर क्रमानं नावं होती. बोट आली की बोटीवरच्या जवानांना पोरं पुस्तक बघून सांगायची, या वाड्यात मागच्या खोलीत एक आजी एकट्या असतात, त्या हाक मारणार नाहीत, ऐकू येत नाही त्यांना. या आजी दर वर्षी अकरा रुपये द्यायच्या आणि पावती मागून घ्यायच्या. त्या अकरा रुपयांच्या नोंदीमुळं बोट त्यांच्या खिडकीशी गेली.

पण त्याच पुस्तकानं आम्हाला तोंडघशीही पाडलं. वर्गणी आम्ही घरमालकाच्या नावानं घ्यायचो. भाडेकरू असले तरी पावती मालकाची. गिरणीच्या बोळात सात कुटुंबं भाड्यानं राहत होती. हळदीच्या वखारीतले हमाल, एक शिंपी, दोन घरं उत्तर प्रदेशातल्या रंगकामगारांची. त्यांची नावं पुस्तकात नव्हती, म्हणून आमच्या यादीत नव्हती. पाणी ओसरल्यावर धान्याची पाकिटं वाटली तेव्हा पहिल्या दिवशी ती सात घरं सुटली. शिंप्याची बायको दुसऱ्या दिवशी येऊन एवढंच म्हणाली, "दादा, आम्ही पण इथंच बुडलो होतो की." खजिनदार म्हणून ती यादी माझी होती आणि ती चूकही माझी होती.

18 ऑगस्टची बैठक

रविवार होता. गल्लीत गाळ, ब्लीचिंग पावडर आणि कुजलेल्या गाद्यांचा एकत्र वास होता. प्रत्येक दारापुढं भिजलेल्या संसाराचा ढीग. मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर बसायला जागा नव्हती म्हणून उभ्या-उभ्याच बैठक झाली. चाळीसेक माणसं आली, त्यात बायका दहा-बारा. एरवी बैठकीला बायका येत नाहीत. या वेळी आल्या, कारण घरात बसण्यासारखं घर नव्हतं.

बहुतेकांचं मत एका वाक्यात होतं. यंदा रद्द. देव घरात बसवू, मंडळाचा नको, जमलेली वर्गणी पूरग्रस्तांना देऊ. मलाही ते बरोबर वाटलं. आमचे अध्यक्ष म्हणाले, "ज्याच्या घरात चूल पेटत नाही त्याच्या दारात आपण काय ढोल वाजवणार?" याला उत्तर नव्हतं.

तेवढ्यात मागून लाइटवाला बोलला. तो गल्लीतलाच, नदीच्या बाजूच्या वस्तीत राहणारा. त्याचा जनरेटर, हॅलोजन, वायरिंगची बंडलं, सगळं पाण्यात गेलं होतं. तो मिटिंगला आला होता ते आगाऊ रक्कम परत मागतील या भीतीनं. म्हणाला, "काका, तुमचं बरोबर हाय. पण तुम्ही रद्द केलं, पलीकडच्यांनी रद्द केलं, समद्यांनी रद्द केलं, तर मी हे सामान पुन्हा कशावर उभं करू? माझं वर्षाचं पीक हे दहा दिवसच."

कट्ट्यावर कोणी बोललं नाही. हे आमच्या कोणाच्या मनातच आलं नव्हतं. उत्सवावरचा खर्च म्हणजे चैन, ती थांबवली की पैसे वाचले आणि ते गरजूला दिले, असा सरळ हिशेब आम्ही करत होतो. पण बेंजोवाला, हलगीवाला, लाइटवाला, मूर्तिकार, फुलवाली, मांडववाला, हे सगळे त्याच पुरात बुडालेले होते. ज्यांना मदत करायची म्हणत होतो, त्यांचंच काम आम्ही काढून घेत होतो.

मूर्तिकाराची अवस्था सगळ्यात वाईट. आमच्याकडं तो शाडूची मूर्ती करायचा, प्लॅस्टरची नाही. प्लॅस्टरच्या मूर्ती पाण्यात उभ्या राहिल्या, रंग गेला, गाळ बसला, पण आकार टिकला. शाडूचं तसं नाही. ती माती पाण्यात विरघळावी म्हणूनच तर वापरायची. त्याच्या कारखान्यात आम्ही गेलो तेव्हा पाटांवर नुसते चिखलाचे गोळे आणि त्यातून वर आलेला काथ्या होता. आमचे पंचवीस हजार माती, रंग आणि मजुरीत आधीच खर्च झालेले. त्यानं हात जोडले. आम्ही विषय काढला नाही.

आणखी एक अडचण होती, तिच्याकडं उत्साहाच्या भरात सगळ्यांचं दुर्लक्ष होत होतं. धर्मादाय कार्यालयाची परवानगी उत्सवाच्या वर्गणीसाठी काढलेली होती. लोकांनी पैसे गणपतीला दिले होते. ते दुसऱ्या कामाला वळवायचे तर ज्यानं दिले त्याला विचारलं पाहिजे, असा मी आग्रह धरला. काहींना तो खजिनदाराचा किचकटपणा वाटला. पण चार दिवसांत पोरं घरोघर गेली आणि वर्गणीदारांच्या सह्या आणल्या. फक्त तिघांनी नाही म्हटलं, त्यांची रक्कम उत्सवातच धरली. दोन वर्षांनी कोणी तोंड वर करून "आमच्या पैशाचं काय केलं" असं विचारलं नाही, त्याचं कारण या सह्या.

शेवटी असं ठरलं की मांडव नाही, देखावा नाही, फोटोंचं प्रदर्शन नाही. फोटो तसेही पाण्यात चिकटून एक लगदा झाले होते. मूर्ती लहान, देवळाच्या ओवरीत. मिरवणूक मात्र काढायची, दिवसाउजेडी, पायी. हलगी आणि लेझीम. बेंजोवाल्यांनी आरतीला यायचं. लाइटवाल्यानं गल्लीतल्या ज्या घरांचं वायरिंग भिजलं होतं ते दुरुस्त करायचं आणि ती मजुरी त्याच्या एकतीस हजारांत धरायची. हा शेवटचा तोडगा शिंप्याच्या बायकोनं सुचवला. त्या अख्ख्या बैठकीत मला तोच सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. लाइटवाल्यानं तेवीस घरांत काम केलं. शिल्लक चौसष्ट हजारांतले चाळीस हजार उत्सवासाठी राखून ठेवले. उरलेले चोवीस हजार, अधिक डॉल्बीचे परत आले तर पंचाहत्तर, घरांच्या मदतीला.

डॉल्बीवाल्यानं रक्कम परत केली नाही. त्याचं सामान कोरडं होतं, गावही पुरात नव्हतं. "पुढच्या वर्षी वाजवतो, पैसे कुठं जात नाहीत," म्हणाला. पावती होती, करार नव्हता.

डॉल्बीला आता विरोध करायला माझ्याकडं आणखी एक कारण होतं आणि या वेळी सगळ्यांनी ऐकलं. आठवडाभर पाण्यात राहिलेल्या मातीच्या भिंती आतून ओल्याच होत्या. वरून वाळल्यासारख्या दिसायच्या, बोट दाबलं तर रुतायचं. अशा बोळातून तो ठोका नेणं म्हणजे माणसांच्या अंगावर भिंत पाडणं.

दहा सप्टेंबर

मूर्तिकारानं पुन्हा माती मळली. दीड फुटाची मूर्ती केली. पण शाडू वाळायला ऊन लागतं, नाहीतर निदान कोरडी हवा तरी. त्या दिवसांत दोन्ही नव्हतं. घाईनं शेगडीपुढं ठेवली तर तडे जातात. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळीही ती ओलसर होती, रंग धरत नव्हती. शेवटी त्यानं फक्त डोळ्यांची आखणी केली आणि तशीच करडी मूर्ती पाटावर ठेवून आणून दिली. पन्नासाव्या वर्षी आमच्या गणपतीला सोनेरी मुकुट नव्हता, पितांबर नव्हतं, नुसते डोळे होते. गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका त्या मूर्तीपुढं बसून राहायच्या. मी एवढी वर्षं गणपती बघतोय, त्या मूर्तीइतकं कोणाकडं लोकांनी टक लावून बघितलेलं मला आठवत नाही.

लेझीम बाहेर काढली तेव्हा चकत्या गंजून एकमेकींना धरल्या होत्या. पोरांनी रॉकेल आणि वाळूनं चार दिवस घासल्या. आवाज पहिल्यासारखा खणखणीत निघाला नाही. ढोलांची पानं गेली होती, हलग्या दुसऱ्या गल्लीतून मागून आणल्या.

नववा दिवस मोहरमच्या दहाव्या दिवशीच आला होता. आपल्या जिल्ह्यात याचं कोणाला नवल नाही. कडेगावचे उंच ताबूत हिंदू-मुसलमान दोघं मिळून उचलतात आणि ताबुतांच्या भेटी बघायला सगळा तालुका जमतो. आमच्या शेजारच्या गल्लीत पंजे बसतात. त्यांचे दोन पुढारी आणि आमचे अध्यक्ष चहाच्या गाड्यावर भेटले आणि दहा मिनिटांत ठरवलं, सकाळी गणपती, संध्याकाळी पंजे. घाटावरचा गाळ दोघांच्या पोरांनी मिळून काढला. पुरानंतर घाटाच्या पायऱ्यांवर साबणासारखा थर बसतो, पाय ठेवला की माणूस थेट पाण्यात. त्यात पाऊस परत लागला होता आणि लोक पुन्हा दिवसातून चार-चार वेळा आयर्विनची पातळी विचारत होते. म्हणून घाटावर दोर बांधला आणि मूर्ती घेऊन पाण्यात दोघांनीच उतरायचं ठरलं.

सकाळी नऊला पालखी निघाली. हरभट रोडवर दुकानदार अजून माल झाडत होते. भिजलेल्या साड्या दोऱ्यांवर वाळत घातलेल्या, त्यांच्या खालून पालखी गेली. कोणी नाचलं नाही. लेझीम चालीवर, पावलं मोजून. बाजूची माणसं हातातलं काम ठेवून मागं येत गेली. टिळक चौकात पोचेपर्यंत आमच्या गल्लीच्या दुप्पट माणसं होती आणि त्यातली अर्धी मला अनोळखी. गिरणीच्या बोळातली सातही घरं होती. रंगकामगारांपैकी एकानं पालखीला खांदा दिला.

आणि इथंच दुसरी चूक झाली. गल्लीतले एक गृहस्थ पाण्याच्या दिवसांत वारले होते. आधीचं दुखणं होतं, वेळेत दवाखान्यात नेता आलं नाही. त्यांच्या घरावरून वाजतगाजत जाणं बरं दिसणार नाही, असं आम्ही तिघा-चौघांनी परस्पर ठरवलं आणि पालखी मागच्या बोळातून वळवली. घरच्यांना विचारलं नाही. संध्याकाळी त्यांचा मुलगा भेटला. रागावला नव्हता, ते जास्त लागलं. म्हणाला, "पन्नास वर्षांत पहिल्यांदा गणपती आमच्या दारावरून गेला नाही. आई आरतीचं ताट घेऊन उभी होती." सुतक केव्हाच फिटलं होतं. हळूहळू वाजवायचं की नुसतं थांबायचं, हे त्या माउलीनं सांगितलं असतं. दुसऱ्याच्या दुःखाची मर्यादा आम्ही आमच्या मनानं आखली. याचा सल अजून आहे.

मिरवणूक काढायला नको होती, असं म्हणणारे आजही गल्लीत आहेत आणि त्यांच्याशी मी वाद घालत नाही. ज्यांची दुकानं गेली त्यांना तसं वाटण्याचा हक्क आहे. माझं मत वेगळं आहे. पाण्यानंतरच्या तीन आठवड्यांत प्रत्येक जण आपापल्या दारातला गाळ काढत होता, पंचनाम्याच्या रांगेत उभा होता, विम्याचे कागद वाळवत होता. शेजारच्याकडं बघायला फुरसत नव्हती. पहिल्यांदा सगळे एकाच दिशेनं चालले ते त्या सकाळी. मांडव गेला, रोषणाई गेली, डॉल्बी गेली, काही अडलं नाही. चालणंही रद्द केलं असतं तर मात्र हातात काहीच उरलं नसतं.

नंतर

पुढच्या वर्षी करोना आला. सरकारनं सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा घातली आणि मिरवणुका बंद केल्या. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा 54 फुटांच्या वर गेलं.

या वेळी मंडळाचं सामान त्या खोलीत नव्हतं. 2020 लाच ते दुसऱ्या वाड्याच्या माडीवर हलवलं होतं. खिळ्यानं ओढलेली 2005 ची रेघ कोणी पुसली नाही, तिच्या वर दाराच्या चौकटीजवळ 2019 ची रेघ तेवढी आली. पावतीपुस्तकाचा नमुनाही बदलला. आता मालकाचं आणि राहणाऱ्याचं नाव वेगळं लिहितो, घरात किती माणसं, कोण आजारी, कोण एकटं, कोणाला ऐकू येत नाही, कोणाला जिना उतरता येत नाही. वर्गणी दिली नाही तरी नाव लिहितो. 2021 ला पाणी यायच्या आदल्या रात्री पोरं ती यादी घेऊन फिरली आणि गिरणीच्या बोळातली घरं सगळ्यात आधी रिकामी केली. अकरा रुपयांवाल्या आजी तोवर त्यांच्या मुलीकडं राहायला गेल्या होत्या. त्यांची पावती मुलगी येऊन घेऊन जाते.

लाइटवाल्यानं जुना जनरेटर दुरुस्त करून घेतला, आता तो लग्नाचीही कामं घेतो. मूर्तिकार दर वर्षी आमच्यासाठी दीड फुटाचीच मूर्ती करतो. मोठी परत सुरू करावी का, यावर दर बैठकीत अर्धा तास जातो. पालखीचा रस्ता आता आदल्या दिवशी घरोघर जाऊन ठरतो.

डॉल्बीचे पंचाहत्तर हजार आले नाहीत. दर मार्चअखेर वही बंद करताना ते मी 'येणे' च्या रकान्यात पुन्हा उतरवतो.